महादेवीआक्कांचा हात

"लिंग उतरवायचं असंल तर आदी मान उतरवा," असं म्हणून महादेवीआक्का एमआरआयच्या दारातच ठाण मांडून बसल्या. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आणि यंत्राजवळ तर धातू चालत नाही. बाई अक्कलकोटकडच्या, बोलता बोलता कानडीत शिरायच्या, आणि मला धाकट्या बहिणीला म्हणावं तसं 'तंगी' म्हणायच्या. सोलापुरात हे यंत्र चालवताना मी भलेभले आडमुठे पेशंट पाहिलेत, पण या आक्का साऱ्यांच्या वरताण! शेवटी डबी लेकीकडे दिली, लिंगाला चुंबक लावून त्यात लोखंड नसल्याची मी खात्री केली, आणि ते कापडात बांधून गळ्यातच ठेवलं.

आक्कांच्या मेंदूत गाठ होती, उजवा हात चालवणाऱ्या भागाला अगदी खेटून. तो भाग नेमका कुठे आहे ते यंत्रात दिसलं, तरच सर्जन त्याला धक्का न लावता गाठ काढू शकणार होते. नाहीतर हात जायचा. "किती जगवायचं ते तुमी बगा," आक्कांनी त्यांना बजावलं होतं, "पर मी माज्या हातानं जेवनार. भरवून घ्यायची न्हाय."

काम साधं होतं. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावायचा, डावा स्वस्थ ठेवायचा. पण जन्म भाकरी थापण्यात गेलेला. उजवा हलला की डावा निघालाच मागोमाग! पडद्यावर मेंदूच्या दोन्ही बाजू उजळल्या. मी कपाळावर हात मारला.

"अय्यो तंगी, रागावू नको," आक्का म्हणाल्या. "लिंग डाव्या तळहातावर ठेव. पूजेला बसल्यावर त्यो हात हलत न्हाय बग. उजव्याच्या बोटांवर जप मोजते."

मी कापड सोडून लिंग तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "पण ओठ हलवायचे नाहीत हं, डोकं हलतं."

"देवाला मनातलं आयकू येतंय की!"

आणि काय सांगू! डावा हात दगडासारखा स्थिर, आणि पडद्यावर एकच इवलीशी जागा पेटली. मग मी उजव्या तळव्यावरून मऊ ब्रश फिरवला, तर तिच्या लगेच मागची जागा उजळली. हात हलवणारी जागा पुढे, स्पर्श जाणणारी मागे, मधे एक बारीक घळ. असली चित्रं रोज पाहणारी मी, पण त्या दिवशी अंगावर सरसरून काटा आला.

आक्कांना चित्र दाखवलं. त्यांनी पेटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "एवड्याशा जागेत माजा आख्खा हात? शिवा शिवा! करनारा लई बारीक कामाचा हाय की."

त्या जागेला चिकटलेला गाठीचा तुकडा सर्जननी आक्कांना विचारूनच मागे ठेवला. पुढे तोच वाढला.

आक्का गेल्याचं सांगायला लेक आली. "शेवटी वाचा गेली हो," ती म्हणाली, "पण हात राहिला. काळजीनं माझ्या पोटात अन्न जात नव्हतं, तर पडल्यापडल्या तिनंच मला घास भरवला."