आखितीचा करा

उन्हाळ्यात आमच्या उदगीरच्या घरामागच्या भाजीला पाटानं पाणी देणं म्हणजे चैनच. नळाचा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी लातूरची, पाण्यावरून मला कुणी शिकवलेलं खपत नाही. दुधी, दोडका, काकडी, प्रत्येक वेलाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून झाकणी ठेवायची. मडकं पाझरतं आणि मुळं आपापली पितात.

यंदा चैत्रात कोपऱ्यातल्या दुधीला मडकं कमी पडलं. मागच्या खोलीच्या कोनाड्यात एक लहानसं, नवं कोरं दिसलं. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, आणि विचारत बसण्याचा माझा स्वभाव नाही. पुरून टाकलं.

बाकीच्या मडक्यांतलं पाणी दोन-तीन दिवस टिकायचं. हे सकाळी काठोकाठ भरावं, तर दुपारी ठणठणीत. तडा असेल म्हणून उकरून बादलीत बुडवून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही. खारीवर आळ घेतला, झाकणीवर दगड ठेवला. दगड जागचा हलत नव्हता आणि पाणी जात होतं. मुळाशी जातंय म्हणावं, तर भोवतालची माती नुसता फुफाटा आणि वेल मरगळलेला. दुपारी त्या कोपऱ्यात जायला नको वाटू लागलं. कुणीतरी पाठमोरं बसलंय आणि आपण मध्येच येऊन उभ्या राहिलो, असं व्हायचं.

मग आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं नवं मडकं पाण्यानं भरून पुजतात. त्याला करा म्हणतात. सासूबाई सकाळपासून कोनाडा धुंडाळत होत्या. मी पुरलं ते मडकं कऱ्याचं होतं तर. त्यांना मागे नेलं, दाखवलं, आणि ते दुपारपर्यंत रिकामं होतं हेही सांगून टाकलं.

वाटलं, आता आपला उद्धार होणार. पण सासूबाई वेलापाशी खाली बसल्या. दरवर्षीचा करा सासऱ्यांच्या नावाचा, असं मी धरून चालले होते. तो सासूबाईंच्या थोरल्या लेकाचा निघाला. माझ्या नवऱ्याआधीचा, तीन वर्षांचा होऊन जुलाबानं गेलेला. घरातल्या जाणत्या बायकांनी बजावलं होतं, पाणी पाजू नको, पाण्यानं जुलाब वाढतात.

"रातभर पाणी मागून राहिला," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई दिलं."

मी करा उकरायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला. "काढू नको. पिऊन राहिलाय त्यो."

त्या दिवसापासून करा त्याच भरू लागल्या. आणि पाणी उतरायचं थांबलं. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच. मला सुटल्यासारखं झालं, पण त्यांचं जेवणावरचं मन उडालं. झाकणी उचलून त्या बघत बसायच्या आणि म्हणायच्या की तुझ्या हातचं घेत होता, माझ्या हातचं घेत नाही. मला त्यांची फार दया यायची.

एका दुपारी त्या निजल्यावर मी वाटीनं ते पाणी उपसून दोडक्याला घातलं. संध्याकाळी त्यांनी झाकणी उचलली आणि कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली. मग मी रोजच उपसू लागले. फसवतेय हे कळत होतं, पण त्या दोन घास खात होत्या.

वैशाख सरता सरता एकदा अशीच वाटी घेऊन गेले. दगड जागेवर होता. झाकणी उचलली, तर करा आधीच कोरडा. सकाळी त्यांनीच माझ्यासमोर भरला होता, आणि त्या आत घोरत होत्या. तिथून पळतच घरात आले आणि त्यांना हलवून उठवलं.

"आत्याबाई, उठा," मी म्हणाले. "त्याला अजून पाणी पाहिजे."