घंटी गेली, म्हणजे चालू

घंटीसाहेबांनी खेड्यातला एकही फोन कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तरी त्यांच्या कृपेने सगळ्या खेड्यांतले फोन कायम चालू असत. इंदूरच्या टेलिफोन ऑफिसात ते साहेब आणि मी कारकून. गावोगावचे सार्वजनिक फोन तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ते खुर्चीतूनच नंबर फिरवायचे आणि पलीकडे घंटी वाजली की रिसीव्हर ठेवून मला इंदुरी थाटात म्हणायचे, "घंटी गेली ना भिया? मग चालू लिहा."

एकदा मी म्हटलं, "पण साहेब, उचलत तर कोणीच नाही." "उचलणं आपल्या डिपार्टमेंटमध्ये येत नाही," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की पान शर्टावर सांडलं. आळशी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आळसाला नियम समजणारा हा एकच.

उदारीकरण आलं आणि साहेबांच्या तोंडी नवा शब्द बसला, कॉम्पिटिशन. खाजगी कंपनीला परवाना मिळाला, खेड्यांत फोन देण्याची अटही तिच्या गळ्यात पडली. साहेबांना कोण आनंद! त्याच सुमारास माझा मोठा भाऊ, दादा, कामाला होता ती मिल बंद पडली आणि तो सांवेर रोडच्या पुढे, वहिनीच्या माहेरगावी किराण्याचं दुकान टाकून बसला. गावात फोन एकच, तोही सरपंचाच्या बैठकीत कुलपाआड. दादाने दुकानात सार्वजनिक फोन मागितला.

साहेब म्हणाले, "कंपनीकडे जा, आता कॉम्पिटिशन आहे." कंपनीवाले म्हणाले, "तुमच्या गावात सरकारी फोन चालू आहे, आम्ही कशाला देऊ?" दादा बिचारा परत आला. तेव्हा साहेब उखडले. "आहे तो फोन कोणी उचलत नाही, दुसऱ्याचं काय लोणचं घालणार?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग बाबांना हार्टचा झटका आला. मी दवाखान्यातून दादाच्या गावाला, सरपंचाकडे फोन लावला. घंटी जात राहिली. बाबा मधूनमधून डोळे उघडून विचारत, "आला का?" मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. शेवटी शेजाऱ्यांना स्कूटरवर पाठवलं. दादा पोचला तेव्हा 'आला का' विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

साहेब भेटायला आले. चेहरा पाडून बसले आणि हळूच मला विचारलं, "त्या दिवशी घंटी तर गेली होती ना?" गेली होती म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

कोपऱ्यात बसलेला दादा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "ती घंटी मी ऐकली साहेब. दुपारभर दुकानात बसून ऐकत होतो. सरपंचजी कुलूप लावून शादीला गेले होते. मला काय मालूम, ती माझ्यासाठी आहे म्हणून."

साहेबांनी उठून दादाच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस माणसासारखं बोलेल.

"दुकानापर्यंत ऐकू येते," साहेब म्हणाले, "म्हणजे लाइन एकदम बढिया आहे, भिया."