अर्पिताचं पहिलं कम्युनियन आणि दौंडची खोली

आमच्या अर्पिताला धर्मशिक्षणाची सगळी प्रश्नोत्तरं पाठ आहेत. अडचण एवढीच, की ती अडखळत बोलते, आणि चारचौघांत तर पहिल्याच अक्षरावर तिची गाडी रुतते. आम्ही शिरूरचे कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे मिस्साच्या उपासनेत पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी, मुलांना फादरांसमोर तोंडी उत्तरं द्यावी लागतात. बाकीची मुलं पास झाली, अर्पिता राहिली. फादर मायाळू आहेत, पण नियम तो नियम. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. घरी आल्यावर तिनं विचारलं, "म...मम्मी, येशूला मी नको हाय का?"

दौंडला एक बाई लहान मुलांना वस्तू हाताळू देऊन धर्म शिकवतात, असं नणंदेनं सांगितलं होतं. नवऱ्याची कंपनीत पहिली पाळी होती, त्याची वाट कोण बघतंय? शनिवारी सकाळीच मी पोरीला मागं बसवून स्कूटर काढली.

एसटीनं जाणार असाल तर चौफुल्याला गाडी बदलायची तयारी ठेवा. स्वतःच्या गाडीनं न्हावऱ्यापर्यंत काही त्रास नाही. पुढे मात्र उसाच्या ट्रॉल्या लागतात आणि त्यांना ओव्हरटेक करायचा मोह आवरावा लागतो. पारगावला भीमा ओलांडली की गुळाचा वास सुरू होतो. केडगावच्या अलीकडं एका गुऱ्हाळावर थांबलो.

"लेकरू घिऊन कुठं निघाला, ताई?" गुऱ्हाळवाल्या मामांनी विचारलं.

"दौंडला. चर्चच्या वर्गाला."

"व्हय का. नाव काय गं बाळा तुझं?"

अर्पितानं तोंड उघडलं, तोवर मी सांगून मोकळी झाले होते. मामांनी उसाच्या कांडक्यावर गरम गूळ दिला आणि पैसे घेतले नाहीत. हंगामात गेलात तर जरूर थांबा, फक्त प्यायचं पाणी घरचं न्या.

पाटसवरून दौंडला पोचलो. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्सपासून जवळच चर्च आहे आणि त्याच्या मागं ही वर्गाची खोली. शिकवणाऱ्या फिलोमिनाताई रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. वर्गाला फी नाही. येताना मुलांसाठी फळं आणली तर आनंदानं घेतात.

मी पुष्कळ शाळा पाहिल्यात, पण अशी खोली पाहिली नव्हती. सगळं मुलांच्या उंचीचं. गुडघ्याएवढी वेदी, तिच्यावर इवलासा चषक, मेणबत्त्या, फादर मिस्साला घालतात तसे चार रंगांचे झगे. एका फळीवर लाकडी मेंढपाळ आणि त्याची मेंढरं. परदेशी चित्रातली पांढरीशुभ्र नव्हेत, आपली काळी, आणि त्यांच्याभोवती सुतळीची वाघर, धनगर शेतात मेंढरं बसवताना लावतात तशी जाळी. मुलं हवी ती वस्तू दोन्ही हातांनी उचलून आणत होती, चटई पसरून आपापलं काम करत होती. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं.

सांगितलं ते मला.

"तुम्ही हितं भिंतीकडंला बसायचं," फिलोमिनाताई म्हणाल्या. "आन् पोरगी अडली तर शब्द पुरवायचा न्हाई. आपण निस्तं थांबायचं."

मला गप्प बसवणं म्हणजे कुकरला शिट्टी देऊ नको म्हणण्यासारखं आहे. तरी बसले.

मिस्सामध्ये फादर चषकातल्या द्राक्षारसात पाण्याचे एकदोन थेंब घालतात. ते काम अर्पितानं उचललं. द्राक्षारसाच्या जागी डाळिंबाचा रस होता. ताईंनी एकदा करून दाखवलं, न बोलता. अर्पितानं पाण्याची सुरई घेतली आणि सगळीच्या सगळी ओतली. चषक भरून चटईवर ओघळ आला. आमच्याच घरचं वळण हे, पाहुणा वाढला की सरबतात पाणी वाढतं. मी अर्धी उठलेसुद्धा. ताईंनी नुसती मान हलवली, मी परत बसले. अर्पितानं फडकं आणून चटई पुसली, चषक धुतला, रस घेतला आणि या वेळी जीभ दातात धरून एकच थेंब सोडला.

"रस म्हंजी येशू," ताई हळूच म्हणाल्या. "पाणी म्हंजी आपण. आता ते पाणी परत काढता यील का?"

अर्पिता चषकात वाकून बघत राहिली. ओठ हलले, अडले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ताई थांबल्या होत्या, शेजारच्या चटईवरची मुलंही थांबली होती, आणि कुणालाच घाई नव्हती.

"न...न्हाई निघायचं," ती म्हणाली. "क...कवाच न्हाई."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

त्यानंतर आम्ही तीनदा दौंडला जाऊन आलो. ऊन, ट्रॉल्यांची धूळ, स्टेशनबाहेरची तिखटजाळ मिसळ, सगळं धरूनही सांगते, जा. पोरगं अडखळत नसलं तरी जा. अर्पिताचं अडखळणं काही गेलेलं नाही, तशा आशेनं मात्र जाऊ नका.

गेल्या आठवड्यात, पुढच्या वर्षाची वाट न बघता, मी तिला पुन्हा फादरांपुढे उभं केलं. "सांग, ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं. पुस्तकातलं उत्तर चांगलं लांबलचक आहे. अर्पितानं ते सोडून दिलं. वेळ घेत घेत म्हणाली, "प...पाणी रसात पडलं की परत न्हाई निघत. त...तसं मी येशूत. म...मला कुणी काढू शकत न्हाई."

फादर बोलायला गेले आणि त्यांचाच आवाज अडकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा प्रयत्न केला, जमेना. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अर्पितानं माझा हात दाबला.

"थ...थांब मम्मी," ती कुजबुजली. "त्यांना बोलू दे."

आम्ही दोघी थांबलो. मग फादरांनी तिला कम्युनियनचा रविवार सांगितला.