आत्यांचा इंग्रजीचा तास

बोलायच्या बाबतीत मी पहिल्यापासून बेलगाम. हैदराबादेतल्या कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत, परदेशी जाऊन इंग्रजी शिकवण्याचा कोर्स सुरू झाला, तेव्हा सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, प्रश्न विचारलात की गप्प बसा. उत्तर येईपर्यंत." शिकणाऱ्याच्या भाषेत बोलायचं नाही, उत्तर आपण द्यायचं नाही, नुसतं थांबायचं. अरे बापरे! मला ते सात जन्मांत जमलं नसतं.

पण जमवणं भाग होतं. कुकटपल्लीचा ह्यांचा कारखाना बंद पडला होता. बाहेरचा स्वस्त माल आला आणि इथल्या मालाला कुणी विचारेना. मस्कतला बायकांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळण्यासारखी होती. घराची सगळी आशा आता तिच्यावर.

बरकतपुऱ्यातल्या घरी सरावाला विद्यार्थी कोण? तर सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. मूळच्या नांदेडकडच्या, पण लग्नानंतरचा सगळा जन्म हैदराबादेत गेलेला, त्यामुळे बोलण्यात 'नक्को' आणि 'कायकू' पेरलेलं. मी ताटात चहाचा कप, उस्मानिया बिस्किटं, पेरू मांडायची आणि विचारायची, "व्हॉट डू यू वॉन्ट?" 'आय वॉन्ट टी', एवढंच म्हणायचं होतं. आत्यांनी शब्द सगळे पाठ केले, पण मागायची वेळ आली की मान हलवायच्या. "नक्को गं. मला काय करायचंय? तू घे."

"अहो आत्या, खोटं खोटं तरी मागा की हो!" मी डाफरायची.

"कायकू ओरडायलीस? पोट भरलंय माझं."

हे त्यांचं नेहमीचंच. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणार, उरलंसुरलं खाणार आणि वर पोट भरलंय म्हणणार. मग मीच चिडून उत्तर सांगून मोकळी व्हायची. तास बोंबलला.

परीक्षा कशीबशी पास झाले. नोकरीही मिळाली. आणि जायचं ठरलं तशी चार वर्षांची माझी पोरगी पदराला चिकटली ती सोडेना. 'लेकराला टाकून चालली बघा,' असं नातेवाइकांनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणून घेतलं. हे म्हणाले, "तुझं तू ठरव." झालं! माझं अवसानच गळालं. उद्या फोन करून नाही म्हणून कळवते, असं मी दुपारी जेवताना जाहीर केलं.

चहाच्या वेळी स्वयंपाकघरात गेले, तर आत्यांनी ताट मांडून ठेवलेलं. चहा, बिस्किटं, पेरू. स्वतः समोर मांडी घालून बसलेल्या.

"घे तास."

"आत्या, आता कशाला?"

"घे म्हणायलेय ना मी."

मी विचारलं, "व्हॉट डू यू वॉन्ट?" आणि गप्प झाले. सरांचा नियम पहिल्यांदाच पाळला, तोही पुढे बोलले असते तर रडूच फुटलं असतं म्हणून. आत्यांनी चहाकडे पाहिलं नाही की बिस्किटांकडे. बराच वेळ नुसते ओठ हलवत बसल्या. मग म्हणाल्या, "आय वॉन्ट... यू गो."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "लेकराला मी बघते. नक्को नक्को म्हणण्यात माझी हयात गेली. तुझी जायला नक्को."

मस्कतला पहिल्या वर्गात मी तोच धडा घेतला. कुणी चहा मागितला, कुणी खजूर. मागच्या बाकावर आत्यांच्याच वयाची एक बाई होती. तिने मान खाली घातली. "नथिंग, टीचर."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि गप्प राहिले. बाकीच्या बायका चुळबुळायला लागल्या, तरी गप्पच राहिले.