सुंदरामावशी जागा बघायला जाते

टोकावड्याच्या आश्रमशाळेत सुंदरामावशीने सत्तावीस वर्षं स्वयंपाक केला. अठ्ठ्याण्णव साली ती निवृत्त झाली, पण हात काही निवृत्त होईनात. घरात माणसं तीन आणि कढी व्हायची पंधरा जणांची. मग शेजारपाजारी वाटत सुटायची. त्या वाटपात गावातली सगळी सुखदुःखं तिच्या कानावर यायची, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची गोष्ट निघाली की लोक तिलाच विचारायचे. कोण रुसून जेवत नाही, कोण घरच्या आठवणीनं जेवत नाही आणि कोणाचं खरंच काही दुखतंय, हे मावशीला ताट पुढे सरकवतानाच कळतं, अशी तिची ख्याती होती.

दोन हजार साली, भाताची झोडणी चालू असताना, गावातला देवराम तिच्या ओट्यावर येऊन बसला. त्याची मुलगी मीना नववीत. गणपतीपासून पोरीनं शाळा सोडली होती. बोलायची नाही, झोपायची नाही, दोनदा कुणाला न सांगता मुरबाडच्या स्टँडवर जाऊन बसली होती. भगत झाला, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. आता देवरामच्या हातात एक पिवळा कागद होता. त्यावर छापलं होतं : ‘बिघडलेली मुले-मुली तीन महिन्यांत खात्रीने सुधारून मिळतील.’

“पोरगी म्हंजे मिक्सर हाय का रं, दुरुस्त करून मिळायला?” मावशी म्हणाली.

“चेष्टा नको, बाय. मंगळी रडून रडून आडवी झालीय. उद्याच नेऊन सोडतो पोरीला.”

मंगळी म्हणजे त्याची बायको. मावशीनं कागद घडी करून कनवटीला लावला. “उद्या आपण दोघं जाऊ. पोरीला नको. आधी जागा बघू.”

यामागे एक जुनी गोष्ट होती. तिच्या बहिणीचा मुलगा भगीरथ सतराव्या वर्षी दारूला लागला, तेव्हा मावशीनंच त्याला एका केंद्रात घातला होता. मोठी पाटी बघितली, साहेबांचं गोड बोलणं ऐकलं आणि दारातूनच परतली. सहा महिन्यांनी पोरगा आला तो दारू सोडूनच. पण कुणी नुसता केसावरून हात फिरवायला उचलला तरी डोकं खाली घालायचा. वर्षभर तसाच. एकदा तो रागावून नव्हे, सहज म्हणाला होता, “तू आत जाऊन बघितलं नव्हतंस, मावशी.” तेवढं वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं.

आता भगीरथ मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. त्यानंच दोघांना नेलं.

कल्याणच्या पलीकडची ती जागा चकाचक होती. सफारीतल्या व्यवस्थापकांनी फोटो दाखवले, टीव्ही दाखवला. देवराम हरखून गेला. मावशीनं चहा घेतला आणि विचारलं, “स्वयंपाकघर कुठं?”

“ते कशाला, मावशी?”

“माझं आयुष्य गेलंय तिथं. बघितल्याबिगर चैन नाय पडत.”

मुलांची जेवायची वेळच होती. तीस-पस्तीस मुलं-मुली ओळीत बसली होती. भात बरा होता, आमटी बरी होती. पण आवाज नव्हता. कुणी वाढ मागत नव्हतं, कुणी शेजाऱ्याला ढोसत नव्हतं. सत्तावीस वर्षांत मावशीनं असं जेवण पाहिलं नव्हतं. ती एका मुलीजवळ वाकली. “कुठल्या गावची गो तू?”

मुलीनं आधी व्यवस्थापकांकडे पाहिलं, मगच गावाचं नाव सांगितलं.

“आईबाप कवा भेटाय येतात?”

“पहिले तीन महिने भेट नाही,” उत्तर व्यवस्थापकांनी दिलं. “शिस्त बिघडते.”

मावशीनं पदर खोचला आणि जीपकडे चालू लागली. देवराम मागून धावला, “बाय, झालं काय ते तरी सांग!”

“सोताच्या गावाचं नाव सांगायला पोरीला परवानगी लागते. आपली मीना इथं नाय यायची.”

दुसरी जागा भगीरथच्या एका प्रवाशानं सांगितली. आटगाव स्टेशनपासून थोडी आत, मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर नम्रतांचं कौलारू घर; काही मुलं तिथंच राहायची. पाटीसुद्धा धड नव्हती. अंगणात व्हॉलीबॉलवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि एक पोरगी डॉक्टरांना तोंडावर सांगत होती की आज डाळ खारट झालीय. मावशीचा चेहरा उजळला.

“किती दिवसांत बरी होईल?” देवरामनं विचारलं.

“ते आज नाही सांगता येणार,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी मीनाला इथं येऊन सगळं बघू दे. तिला ठेवायलाच लागेल असंही नाही. आठवड्यातून एकदा यायला जमेल? आणि तुम्हीही बसायचं.”

“मी? मला काय झालंय?”

“काही नाही. पण घरी तिच्यासोबत तुम्हीच राहता ना?”

मीनाला आजार होता, मनाचा. गोळ्या सुरू झाल्या, दर बुधवारी बोलणं सुरू झालं. पहिले तीन बुधवार मीना गप्पच बसली. देवराम मात्र असा खुलला की घड्याळ दाखवून उठवावं लागे. जन्मात कुणी त्याला इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

सहाव्या बुधवारी मावशीही सोबत होती. परतताना देवरामनं जीपच्या रेडिओवर बातम्या लावल्या. मागच्या सीटवरून मीना फिसकारली, “बाबा, गाणी लावा! दर टायमाला तुमचंच काय ऐकायचं?”

देवराम गर्रकन वळला. “ऐकलंस बाय? भांडली! माझ्याशी भांडली पोरगी!” त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. भगीरथनं गाणी लावली आणि आवाज मोठ्ठा केला. पुढं मुरबाडपर्यंत जीपमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

मीनानं दोन वर्षांनी दहावी दिली. मधे वाईट दिवसही आले. पण आता घरात ते ओळखू येत होते.

नंतर किन्हवलीहून, सरळगावहून आईबाप मावशीकडे येऊ लागले. ती त्यांच्यासोबत जागा बघायला जायची, जेवणाच्या वेळेला न कळवता पोचायची. काहींना ती सांगे, “तुमच्या पोराला कुठं ठेवायची गरजच नाय, चार दिवस त्याच्यासंगं शेतावर जा.” काहींना ती थेट डॉक्टरकडे धाडी.

दोन हजार सात साली मुरबाडच्या एका शाळेनं तिला पालकांपुढं बोलायला बोलावलं. माईक तिला लांबच धरावासा वाटला. “मी शिकलेली नाय,” ती म्हणाली. “पण खात्री देतो म्हणेल त्याला आधी विचारा, भेटायला कवा येऊ? मारता का? गोळी कंची, नि ती लिहून देणारा डॉक्टर कुठाय? नि पोरांत बसून जेवा.” एवढं बोलून ती खाली उतरली.

खाली बायांचा गराडा पडला. एकीचं ऐकून होतंय तोवर दुसरी हात धरी. टोकावड्याची एसटी सुटून गेली, मग दुसरीही गेली. मावशी पायरीवर ऐसपैस बसली, पानाची चंची काढली आणि समोरच्या बाईला म्हणाली, “हां, आता निवांत सांग. पोर जेवतंय का नीट?”