विबकेबाईंचे लोकरी उंदीर

जर्मनीतल्या ट्युबिंगनमधल्या आमच्या गल्लीत एके काळी कुजबुज होती, की वरच्या मजल्यावरची विबके घरात उंदीर पाळते. पाळते म्हणजे खाऊ घालून फुगवते!

विबके उत्तरेच्या समुद्रकाठची. आम्हा दक्षिणेकडच्या श्वाबियन लोकांना संशयाला तेवढं पुरतं. चहात खडीसाखर घालायची, खारवलेले मासे खायची आणि विद्यापीठात धुळीचा अभ्यास करायची. आता धूळ ही काय अभ्यासायची गोष्ट आहे? आमच्याकडे ती झाडतात. दर आठवड्याला एकाच्या दारावर पाळीची पाटी लटकते, मग जिना, अंगण, रस्त्याची कडा, सगळं त्यानं झाडायचं. विबकेच्या आठवड्यात झाडू नुसता हवा खायचा.

एकदा ती जिन्यात फोनवर म्हणाली, "माझे उंदीर मस्त फुगलेत. धक्का लावू नका, फुटतील." ते घरमालकीण फ्लाइडररबाईंनी ऐकलं. शनिवारी सापळा घेऊन त्या वर. मागोमाग मीही, साक्षीदार नको का?

"उंदीर दाखवा, विबकेबाई. सापडला तर घर सोडायचं."

विबके पांढरीफटक पडली. या गावात दुसरं घर मिळणं म्हणजे दिव्यच.

"अहो, ते प्रयोगशाळेत आहेत! धुळीच्या गोळ्यांना आम्ही लोकरी उंदीर म्हणतो."

बाई ऐकतायत कसल्या! त्यांनी पलंगाखाली डोकं घातलं. आतून आवाज आला, "अरे देवा! केवढे हे धुळीचे गोळे! याच्यापेक्षा उंदीर परवडले!"

"ताऱ्यांमधल्या काळ्या ढगांतही असंच होतं," विबके घाईघाईनं म्हणाली. "तिथं गारठा, अंधार. कणांवर बर्फाचा थर चढतो. कण हळूच कणाला टेकला की चिकटतो, कापसासारखा फुगतो. जोरात आदळला तर फुटतो. बर्फात नवे पदार्थही तयार होतात. मिथेनॉलसुद्धा."

"म्हणजे दारू?"

"पिण्यातली नव्हे हो."

"मग काय उपयोग! पुढं?"

"पुढं कधीतरी त्यातून ग्रह. आपली पृथ्वीसुद्धा."

बाई जमिनीवरच बसून राहिल्या. "म्हणजे कुणी झाडलं नाही, म्हणून पृथ्वी झाली?"

"तसंच म्हणा."

"शी!" बाई कंबर धरून उठल्या. "राहा. पण पाटी आता महिनाभर तुमच्याच दारावर. आणि मी रोज जिन्यावरून बोट फिरवणार."

विबकेनं उंदीर कधीच पाळले नव्हते. प्रयोगशाळेतले धुळीचे होते, आणि पलंगाखाली तिनं झाडलं नव्हतं.