पाचवीचं लुगडं

माझी आई सुईण होती. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, गुळाची नवी पेठ नुकती भरू लागली होती आणि मी तिथं पाठीवर ढेपा वाहत होतो. वडील नव्हते. घर आईच्या हातांवर चाले, आणि त्या हातांचं मोल पाचवीला मिळे. बाळ पाच दिवसांचं झालं, सटवाई पुजली, की सुईणीला लुगडं, सूपभर जोंधळे आणि ऐपतीप्रमाणे रुपाया. मुलगी असली तर लुगड्याऐवजी चोळीचा खण. बाळ पाचवीआधी गेलं तर काहीच नाही. आणि सुईणीनं तोंडानं मागायचं नाही. न्हावी-सुतार खळ्यावर भांडून बलुतं घेत. सुईण बलुत्यातही नव्हती.

एका पेढीवाल्याच्या सुनेचं बाळ पायाळू आलं. दिवसभर झटून आईनं दोघांना सोडवलं. पाचवीच्या आदल्या दिवशी बाळ गेलं. बातमी आली तेव्हा आमच्याकडं जोंधळ्याचं मडकं पालथं पडलं होतं. मी उठून तडक त्या घरी गेलो.

"सून जित्ती हाय न्हवं तुमची?" मी ओसरीवरच्या पेढीवाल्याला विचारलं. "मग तिचं निम्मं द्या."

"पावणं, हितं सुतक हाय. बाजार न्हाय."

"तुमचा कर्जदार मेला तर व्याज सोडता व्हय?"

त्यानं पायरीवर रुपाया टाकला. मी तो उचलला.

"त्यांच्यात रडारड चाललीती, आणि तू भाव केलास," आई म्हणाली.

"तू करत न्हाईस म्हणून मडकं पालथं पडलंय."

त्या रुपायाचे जोंधळे आले, पण पेढीवाल्यानं पेठभर सांगितलं, सुईणीचा पोरगा मढ्यावर सौदा करतो. त्यानंतर आईला कुणी बोलावलं नाही. त्याच सुनेला पुढं मुलगे झाले. पेढीवर लोडाला टेकून बसलेले ते मला रोज दिसतात, आणि आजही माझं डोकं फिरतं. मी मागितलं ते आईच्या कष्टाचंच होतं.

पुढं मी हमालीतून दलालीत आलो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना माझ्यापुढं भले भले घामाघूम होत. बायकोचे दिवस भरत आले तेव्हा आईसाठी मी आधीच इरकल लुगडं आणून ठेवलं. दुकानदाराला रडवूनच आणलं. कितीतरी वर्षांनी आईच्या हाताला काम मिळालं होतं. मुलगा झाला. दोन दिवस तो नीट प्याला. तिसऱ्या दिवशी गेला.

त्याला पुरून आलो आणि लुगडं आईपुढं ठेवलं.

"उचल ते. पाचवी झाली न्हाय."

"तुझी सून वाचली की. निम्मं म्हणून घे."

"न्हाय."

"मग नुसता खण घे. जोंधळं घे."

देणारा मीच, आणि भावही मीच उतरवत होतो. ती कशालाच हात लावेना. मी ओरडलो, पेढीवाल्याचा उद्धार केला, तिच्या रीतीचा केला. आत बायकोनं भिंतीकडं तोंड फिरवलं. माझं संपेपर्यंत आई थांबली.

"लेकरू गेलेल्या घरात सुईणीला कोण पाणी तापवून देत न्हाय," ती म्हणाली. "पाचवी झाली तर ऊन पाणी, तेल, समदं. न्हाय झाली तर तशीच विटाळात घरला यायची आणि गार पाण्यानं अंग धुयाची. थंडीतबी."

मला हे ठाऊक नव्हतं. पेढीवाल्याकडं मी निम्म्यासाठी भांडलो, पण हे मागायचं मला सुचलंही नसतं.

"ऊन पाणी दे," ती म्हणाली. "तेवढं घेते."

मी चूल पेटवली. लाकडं ओली होती, धूर फार झाला. पाणी तापेपर्यंत ती कशाला न शिवता, हात पुढं धरून परसदारी बसून राहिली.